विसावं पान

लातुरात, गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत,
कडबाकुट्टीची पाती विकणाऱ्या दुकानावर आमचा दवाखाना.
ते पुस्तक मी काळ्या फडक्यात बांधून ठेवते.
उन्हानं ठिपके उडतात,
मग चांगल्या डोळ्यांचा माणूसही चुकायला लागतो.

तपासताना मात्र खिडकीशी बसवायचं,
उत्तरेच्या उजेडात, हातभर लांब,
आणि एका पानाला तीन सेकंद.
सेकंद मी मनातच मोजते.
अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही, बरोबर मोजते का म्हणून.

मन्मथ बिराजदार. वय एकोणीस. मुक्काम निलंगा.
अर्जातल्या रकान्यात: विमानचालक, विद्यार्थी परवाना.
नवा शर्ट, कॉलरखाली दुकानातली टाचणी तशीच.
शेजारी आई, मांडीवर पिशवी, पिशवीत डबा.

बारा. आठ. सहा. एकोणतीस.
सत्तावन्न त्यानं
पान पुरतं उलटायच्या आधीच सांगितलं.

माझा हात थांबला.
पाठांतराचं आमच्या गावाला काय नवल,
इथं चौकाचौकात टक्क्यांसकट पोरांचे फोटो लागतात.
पण रेडिओ बंद पडला, रात्र आहे,
आणि मनोऱ्यावरून नुसता एक दिवा दाखवतायत:
हिरवा असेल तर उतर,
तांबडा असेल तर घिरट्या घालत राहा.
तो दिवा काही ओळीनं येत नाही, बाळा.

हे मी बोलले नाही.
पुस्तक मिटलं आणि मधूनच कुठूनतरी उघडलं.

"एकवीस."
मला चौऱ्याहत्तर दिसत होते.
"तीन."
मला आठ.

एकवीस त्याच्या पाठ केलेल्या यादीत नव्हते,
हे त्यालाही कळलं असणार.
तरी दिसलं तेच सांगितलं त्यानं.
कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या,
ते एवढं आम्हा दोघींनाच दिसलं.

आईनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.
"संगप्पा बी असाच," ती म्हणाली,
मला नाही, खिडकीला.
"मव्हा भाऊ. बोरं कधी बघून तोडली न्हाईत त्यानं.
एकेक अंगठ्यानं दाबायचा.
आमी हसायचो, त्याला वाटायचं
सगळेच दाबून बघतेत."

मग माझ्याकडं वळून, हळू:
"मह्याकडून आलं का हे?"

उत्तर मला येतं.
शिकताना आकृती काढली होती वहीत,
आईपासून लेकापर्यंत जाणारी रेघ,
आईचे डोळे धडधाकट.
मी म्हणाले, डॉक्टर सांगतील.
मोठ्या शहरात दिव्यांची आणखी एक परीक्षा असते,
अंधाऱ्या खोलीतली,
तिचंही डॉक्टरच सांगतील.

राहिलं विसावं पान.
ज्यांना सगळे रंग दिसतात
त्यांना त्या पानावर काहीच दिसत नाही,
नुसते ठिपके, खळं झाडल्यावर फटीत उरतात तसे दाणे.
अकरा वर्षं मी ते कोऱ्या कागदासारखं उलटत आलेय.

"पंचेचाळीस," तो म्हणाला.
डोळे न बारीक करता. न थांबता.
सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकवून.

"कुठं?" आई पुढं सरकली. "कुठं रे?"

त्यानं बोट पुढं केलं.
बोट नको, घाम लागतो पानाला,
म्हणत मी कोरडा ब्रश त्याच्या हातात दिला.

चाराची तिरकी रेघ, मग आडवी, मग उभी.
मग पाचाचं पोट,
सावकाश, शेजारच्या लेकराला गिरवायला शिकवावं तसं.
आम्ही दोघी वाकून बघत होतो.
ब्रश पुढं सरकला की मागं पुन्हा नुसते ठिपके.
"परत काढ," आई म्हणाली.

तीन सेकंद केव्हाच होऊन गेले होते.